दांडीची सरळ बसवणूक (स्क्रूने जोडलेली विद्युत गिटार)

विद्युत गिटारीच्या ज्या घडणीत दांडी सरसाने कायमची न सांधता धडातील खाचेत बसवून, मागच्या धातुपट्टीतून चार स्क्रू पिळून आवळलेली असते, त्या घडणीत दांडीचा मध्य तारांच्या मध्याशी जुळवून घेण्याची क्रिया. या जोडणीस ‘बोल्ट-ऑन’ हे नाव रूढ असले तरी ते यथार्थ नव्हे. तेथे बोल्ट नसून लाकडात फिरणारे साधे स्क्रू असतात, आणि दुरुस्तीचे मर्म या भेदातच आहे.

कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथे लिओ फेंडर यांनी १९५० च्या सुमारास ही पद्धती कारखानदारीत आणली, ती दांडी स्वतंत्र घडवता यावी व खराब झाल्यास बदलता यावी म्हणून. १९५४ ची स्ट्रॅटोकास्टर हा तिचा सर्वपरिचित नमुना होय. या सोयीबरोबर खाचेत केसभर मोकळीक येते आणि दांडी तेवढीच तिरपी बसू शकते. मग वरच्या पडद्यांवर सर्वांत बारीक तार बोटपट्टीच्या कडेला इतकी भिडते की बोटाने जरा ओढताच ती पडद्यावरून घसरते व स्वर मरतो, तर जाड तारेच्या बाजूस लाकूड रिकामे राहते. अशा वेळी घोडी बदलण्याची किंवा नटच्या (शेंड्याजवळ तारा टेकतात त्या पट्टीच्या) खाचा नव्याने कोरण्याची घाई होते. प्रथम तपासावा तो सांधा.

तारा थोड्या सैल करून चारही स्क्रू पाव ते अर्धा फेरा उलगडावेत, धड मांडीवर स्थिर धरावे आणि दांडीचा शेंडा हलक्या हाताने जाड तारेच्या दिशेस रेटावा (जाड तारच कडेला आली असल्यास उलट). सांधा जागेवर बसल्याची बारीकशी ‘कट्’ पुष्कळदा हाताला जाणवते. दाब न सोडता स्क्रू तिरक्या क्रमाने आवळून, तारा सुरात आणून, दोन्ही कडांचे अंतर पुन्हा पाहावे. ६४८ मिलिमीटर तारलांबीच्या वाद्यात शेंडा चार मिलिमीटर सरकला तर शेवटच्या पडद्यापाशी तारेची जागा जेमतेम एक मिलिमीटर बदलते.

एवढ्यानेही दांडी हलत नसेल, तर बहुधा धडाची भोके अरुंद असून स्क्रू तेथेही आटे धरून बसलेले असतात. स्क्रूने पकडायचे ते दांडीचे लाकूड. धडातून त्याने विनासायास सरकले पाहिजे, म्हणून धडाचीच भोके स्क्रूच्या जाडीइतकी मोठी करावीत. दांडीतील आटे निकामी झाले असल्यास कठीण लाकडाची खुंटी सरस लावून ठोकून नव्याने छिद्र पाडणे, हाच टिकाऊ इलाज. खाचेच्या तळाशी घालावयाची पाचर दांडीचा उंचसखल कल बदलते. तिचा बाजूच्या तिरपेपणाशी संबंध नाही.

१९७१ मध्ये स्ट्रॅटोकास्टरवर तीनच स्क्रूंची व चावीने कल बदलण्याची रचना आली. दांडी बाजूला सरकते म्हणून ती बदनाम झाली, तरी पुष्कळसा दोष तीन की चार स्क्रू या हिशेबाचा नसून ढिलाईने कोरलेल्या खाचेचा होता.