वस्तादाची शपथ

ग्रीस देशात ऑलिंपिया येथील सभागृहात झ्यूस देवाची एक मूर्ती होती. तिच्या दोन्ही हातांत वज्र होते आणि पापी माणसाला धडकी भरवील असे तिचे उग्र रूप होते. खेळांना आरंभ होण्यापूर्वी सारे स्पर्धक तिच्यासमोर जमत आणि वराहमांसाच्या तुकड्यांवर शपथ घेत, की या खेळांशी आम्ही कोणत्याही प्रकारे प्रतारणा करणार नाही. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात पॉसेनियस नावाच्या प्रवाशाने हे सारे लिहून ठेवले आहे. त्यातली एक बारीकशी गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. ही शपथ एकट्या खेळाडूची नसे. त्याचा बाप, त्याचे भाऊ आणि त्याला शिकवणारा वस्ताद यांनाही ती घ्यावी लागे.

खेळणार तो पोरगा. मग वस्तादाला शपथ कशासाठी? मला वाटते, जिंकण्याची हाव पुष्कळदा आखाड्यातल्या मल्लापेक्षा कडेला उभे असलेल्यांनाच अधिक असते, हे त्या लोकांनी पुरते ओळखले असावे.

ही हाव आणि तिच्या जोडीचा हेका काय करू शकतो, ते गेरेनोस नावाच्या मल्लाच्या गोष्टीवरून कळते. तिसऱ्या शतकातील लेखक फिलोस्ट्रेटस याने व्यायामशास्त्रावरील आपल्या ग्रंथात ती सांगितली आहे. त्या काळी चार दिवसांच्या फेऱ्याने मेहनत घेण्याची पद्धत होती. पहिल्या दिवशी अंग तयार करायचे, दुसऱ्या दिवशी सारी ताकद पणाला लावायची, तिसऱ्या दिवशी विसावा आणि चौथ्या दिवशी बेताची मेहनत. गेरेनोस ऑलिंपियात कुस्ती जिंकला. आनंदाच्या भरात मित्रमंडळींत खाणेपिणे झाले, जागरण झाले. दुसऱ्या दिवशी तो तालमीत आला आणि वस्तादाला म्हणाला, की आज प्रकृती ठीक नाही, अन्न पचलेले नाही. वस्ताद संतापला. फेरा मोडता कामा नये, हा त्याचा हेका! त्याने गेरेनोसकडून ठरलेली मेहनत करून घेतली आणि त्या मेहनतीतच तो विजयी मल्ल गतप्राण झाला. अथेन्सहून एल्युसिसला जाणाऱ्या रस्त्याच्या उजव्या हाताला त्याची समाधी होती. फिलोस्ट्रेटसचा निवाडा कठोर आहे. तो म्हणतो, मल्लाने तोंडातून शब्द काढला नसता तरीही वस्तादाला ते ओळखता यायला हवे होते.

हा झाला नीतीचा निवाडा. कायद्याचा निवाडा पाहायचा तर रोमकडे वळले पाहिजे. सम्राट जस्टिनियनने ५३३ साली जुन्या कायदेपंडितांची मते एकत्र करून एक महाग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात एका मोच्याची हकीकत आहे. शिकाऊ पोराचे काम मनासारखे होईना, म्हणून मोच्याने हातातले कलबूत त्याच्या मानेवर हाणले आणि पोराचा डोळा गेला. ज्युलियन या पंडिताचे म्हणणे असे, की मारण्यामागे अपमानाचा हेतू नव्हता, शिकवण्याचा होता. तेव्हा अपमानाचा दावा चालणार नाही. पण म्हणून मोची सुटला का? नाही. अल्पियनने सांगितले, की नुकसानभरपाईचा दावा निश्चित चालेल, कारण गुरूला मुभा आहे ती सौम्य शिक्षेची. आणि पॉल नावाच्या पंडिताने पुस्ती जोडली, की शिकवणाऱ्याचा अतिरेकी क्रूरपणा हा त्याचा दोषच धरावा. 'मी शिकवीत होतो' ही ढाल तिथेच गळून पडली.

त्याच ग्रंथात कुस्तीचाही विचार आहे. जाहीर लढतीत एका मल्लाच्या हातून दुसरा दगावला, तर भरपाईचा दावा नाही. ती झुंज कीर्तीसाठी असते. मात्र प्रतिस्पर्ध्याने हार पत्करल्यावरही त्याला जखमी केले, तर दावा लागतो.

आपल्याकडे १८६० च्या दंडसंहितेत हाच विचार एका उदाहरणाने मांडला होता. दोघांनी करमणुकीसाठी तलवारबाजी खेळण्याचे ठरवले आणि सरळ खेळताना एकाला इजा झाली, तर तो गुन्हा नव्हे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही ते कलम आहे. पण त्याच्या अटी आईबापांनी वाचण्यासारख्या आहेत. जिवाला धोका किंवा गंभीर दुखापत होण्याचा संभव ठाऊक असता कामा नये. आणि संमती देणाऱ्याचे वय अठराच्या वर असले पाहिजे. म्हणजे बारा-चौदा वर्षांचा पोर 'सर, मी तयार आहे' म्हणाला, तरी या कलमाचा आसरा शिकवणाऱ्याला मिळत नाही. शिवाय बालकांच्या संरक्षणासाठी २०१२ साली झालेल्या कायद्याने आणखी एक गोष्ट ठरवली आहे. विश्वासाच्या किंवा अधिकाराच्या जागी असलेल्या माणसाने मुलावर लैंगिक अत्याचार केला, तर तो अपराध अधिक गंभीर ठरतो. आणि जो असा प्रकार जाणून गप्प बसतो, तोही शिक्षेस पात्र होतो.

त्याच वर्षी, २०१२ मध्ये, लंडनच्या ऑलिंपिकमध्ये उद्घाटनाच्या वेळी मार्गदर्शकांच्या वतीने शपथ घेतली गेली. आधुनिक उन्हाळी ऑलिंपिकमध्ये हे प्रथमच घडत होते. पॉसेनियसला त्यात नवल वाटले नसते!

कायदा आणि शपथ यांत एक मोठा फरक आहे. कायदा डोळा गेल्यावर येतो. त्या रोमन पोराच्या बापाला औषधपाण्याचा खर्च आणि मुलाच्या बुडालेल्या कमाईची भरपाई मागता येत होती, पण डोळ्याचे मोल मागता येत नव्हते; स्वतंत्र माणसाच्या देहाची किंमत करता येत नाही, असे रोमन कायदाच म्हणे. शपथ मात्र आधी घ्यायची असते. म्हणून मुलाला तालमीत, मैदानावर किंवा पोहण्याच्या तलावावर धाडताना आपण वस्तादाने किती बक्षिसे मिळवून दिली हे जरूर विचारावे. पण त्याआधी एवढे विचारावे, की पोर 'आज बरे वाटत नाही' म्हणाला तर तुम्ही काय करता?