दिव्यांग विद्यार्थ्यांच्या प्रौढत्वाची कौटुंबिक पूर्वतयारी

दिव्यांग विद्यार्थ्यास पुढील आयुष्यात स्वतःचे निर्णय स्वतः किंवा आवश्यक तेवढ्या साहाय्याने घेता यावेत, यासाठी कुटुंबाने शालेय वयापासून केलेल्या तयारीस प्रौढत्वाची पूर्वतयारी म्हणतात. या लेखात तिचा विचार मुख्यतः सातारा व सांगली जिल्ह्यांच्या संदर्भात केला आहे.

अठरावे वर्ष व पालकत्व

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या मुलांना वयाच्या ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. शाळेचा आधार संपण्याच्या सुमारास आई-वडिलांचे नैसर्गिक पालकत्वही कायद्याने संपते. मुलाच्या वतीने सही करण्याचा अधिकार त्यांना आपोआप उरत नाही. ही बाब अनेक कुटुंबांच्या लक्षात बँकेत किंवा तलाठी कार्यालयात गेल्यावरच येते.

केवळ शारीरिक, दृष्टी वा श्रवण दिव्यांगत्व असलेल्या प्रौढास पालकाची गरज नसते. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व व बहुदिव्यांगत्व यांसाठी राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ अन्वये स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करता येतो. जिल्हाधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी व एक दिव्यांग व्यक्ती यांचा या समितीत समावेश असतो. पालकाची गरज आहे का आणि असल्यास कोणत्या कामांपुरती, हे समितीने पाहायचे असते. प्रत्यक्षात पालक या दुसऱ्या प्रश्नाकडे दुर्लक्ष करतात आणि सरसकट पालकत्व मागतात. जे मूल दुकानातून सुटे पैसे मोजून आणते, त्याचाही व्यवहार त्यामुळे दुसऱ्याच्या हाती जातो. २०१६ च्या अधिनियमातील मर्यादित पालकत्वाची कल्पना याउलट आहे: त्यात पालक व संबंधित व्यक्ती यांनी परस्पर विश्वासाने संयुक्त निर्णय घेणे अपेक्षित आहे.

जमिनीतील हिस्सा

कृष्णाकाठच्या बागायती पट्ट्यात हा विषय जमिनीशी जोडलेला आहे. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ नुसार आजार वा व्यंग या कारणाने कोणीही वारसाहक्कास अपात्र ठरत नाही. म्हणून ‘त्याला काय कळतंय’ असे म्हणून दिव्यांग भावंडाचे नाव सातबाऱ्यावरून वगळणे, किंवा न समजावता हक्कसोडपत्रावर त्याचा अंगठा घेणे, हा त्याच्या हक्कावर घाला ठरतो. राष्ट्रीय न्यास अधिनियमाखाली नेमलेल्या व मालमत्ता सांभाळणाऱ्या पालकाने सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि दरवर्षी हिशेब सादर करायचा असतो. आई-वडिलांच्या पश्चात कोण सांभाळणार, याची चर्चा त्या मुलासमोर व भावंडांसह होणे यासाठीच महत्त्वाचे आहे.

दैनंदिन सराव

स्वतः आंघोळ करणे, औषधाची वेळ पाळणे, नको असेल तेथे ‘नाही’ म्हणणे, पैसे ओळखणे ही कौशल्ये घरीच रुजतात. प्रवासाचा सराव मात्र मुद्दाम करावा लागतो. जत, आटपाडी किंवा पाटण येथून जिल्ह्याचे ठिकाण दूर आहे. एसटीच्या भाड्यात दिव्यांगांना सवलत असली तरी पालक सोबत नसताना योग्य गाडीत चढणे व वाहकास ओळखपत्र दाखवणे हे शिकवावे लागते. त्यासाठी वैश्विक ओळखपत्र (यूडीआयडी) वेळेवर काढलेले असावे. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाच्या ५ टक्के रक्कम दिव्यांग कल्याणासाठी खर्च करावयाची असते. तिची मागणी ग्रामसभेत त्या तरुणाने स्वतः मांडणे हाही सरावच आहे.

शेजारच्या कोल्हापूर येथे नसीमा हुरजूक यांनी १९८४ मध्ये ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था स्थापन केली. स्वतः चाकाच्या खुर्चीचा वापर करणाऱ्या हुरजूक यांच्या या संस्थेने वसतिगृह, शिक्षण व रोजगार यांची सांगड घातली. त्यांचे आत्मकथन ‘चाकाची खुर्ची’ या नावाने प्रसिद्ध आहे.