तपासनीस कोणी व्हावे?

आगबोटीचा बॉयलर फुटला म्हणजे आपण लोखंडाला दोष देतो. पण ते लोखंड कोणी तपासले, हे विचारावयास विसरतो. १८३८ च्या एप्रिलात सिनसिनाटी येथे ‘मोझेल’चे बॉयलर फुटून शंभरावर माणसे दगावली. त्याच वर्षी अमेरिकेने तपासणीचा कायदा केला. तपासनीस नेमावयाचा न्यायाधीशाने. परंतु प्रत्येक तपासणीमागे त्याच्या हाती ५ डॉलर ठेवावयाचे बोटवाल्यानेच! १८५२ च्या कायद्याने तपासनिसास बॉयलरची घडण व वापर यांचा अनुभव आवश्यक ठरविला आणि सरकारी वेतन लावून दिले. तरीही १८६५ साली, तपासणी झालेली ‘सुलताना’ वाटेत बॉयलरला ठिगळ लावून पुढे निघाली आणि हजारावर माणसे गेली. बोटीत ज्याचा पैसा गुंतला आहे त्याने हे पद धरू नये, असा दंडक १८७१ च्या कायद्यात आढळतो. विद्येइतकीच निःस्पृहता हीदेखील पात्रताच होय. परीक्षा घेऊन जाणकार निवडता येतो; मालकासमोर ‘बोट सुटणार नाही’ म्हणणाऱ्याच्या पाठीशी उभे राहणे, हे मात्र राज्याचे काम आहे, असे आम्हांस वाटते.