लाल माती, हिरवी जर्सी

भिलाईत वाढलेल्या मुलाला एका मातीचा रंग पक्का ठाऊक असतो. दल्ली-राजहऱ्याच्या खाणींतून मालगाड्या भरभरून येणाऱ्या लोहखनिजाचा. रूळांच्या कडेला चालत गेलं की चपलांना तो लागतो आणि पांढऱ्या मोज्यांतून कधी जात नाही. ही माती फक्त आपल्याच वाट्याला आली आहे, असं मला पंधरा वर्षांचा होईपर्यंत वाटत होतं.

1989 च्या दिवाळीच्या सुटीत आईबरोबर मामाकडे वास्कोला गेलो. कोकण रेल्वे तेव्हा नव्हती. मिरजेला छोट्या गाडीत बसून, लोंढ्यावरून घाट उतरत तिसऱ्या दिवशी पोचलो, आणि बंदराच्या रस्त्यावर तीच माती! ट्रकांवर तीच, नदीतल्या बार्जेसमध्ये तीच. मामा मुरगाव बंदरात कामाला होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो मला टिळक मैदानावर घेऊन गेला. हिरव्या जर्सीतला संघ खेळत होता. ‘साळगांवकर’. नाव वाचून मला गंमत वाटली. आमच्याकडे आडनाव दारावरच्या पाटीवर असायचं, इथे ते फुटबॉलच्या संघाला होतं.

“हे लोक दिवसभर काय करतात?” मी विचारलं.

“नोकरी,” मामा म्हणाला. “पगार कंपनीचा, खेळ गावाचा.”

त्या संघाचा इतिहास मी पुढे बरीच वर्षं जमेल तसा वाचत राहिलो. क्लबची स्थापना 1956 ची, मूळ नाव विमसन. संस्थापक वासुदेव साळगांवकर (1916–1984), खाणमालक. साल नीट पाहायला हवं. 15 ऑगस्ट 1955 ला गोव्याच्या सीमेवर नि:शस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळीबार केला, त्यात महाराष्ट्रातली माणसंही होती. रेल्वे बंद झाली, भारताने गोव्याची आर्थिक कोंडी केली. एकीकडून भारताने दार लावलेलं, दुसरीकडे समुद्र, आणि राज्य लिस्बनहून चालणारं. पुरत्या 3,702 चौरस किलोमीटरचा तो मुलूख तेव्हा खरोखरच एक इवलासा वेगळा देश होता. त्याच्याकडे विकण्याजोगी मोठी वस्तू एकच, लोहखनिज. ते मुरगावहून जहाजांत चढून जपानला जात होतं. कोंडीच्या त्या वर्षांत खनिजाच्या पैशातून फुटबॉलचा संघ उभा राहिला.

फुटबॉल मात्र त्याआधीच रुजलेला होता. 1883 मध्ये फादर विल्यम लायन्स या इंग्रज पाद्र्याने शिवोलीत मुलांना तो शिकवला, असं गोव्यात सांगतात. म्हणजे गोव्याचा फुटबॉल पोर्तुगिजांनी नव्हे, इंग्रजाने आणलेला. नंतर तो चर्चच्या पटांगणांत आणि कापणी झालेल्या शेतांत वाढला. वास्को स्पोर्ट्स क्लब 1951 चा, साळगांवकरपेक्षा जुना. खाणवाल्यांनी खेळ निर्माण केला नाही. त्यांनी त्याला हजेरीपट दिला.

आणि ही गोष्ट लहान नाही. 1961 नंतर गोवा भारतात आला. साळगांवकर, धेंपो, सेसा या तिन्ही नावांमागे खाण होती. चेंडू बरा मारणाऱ्या पोराला कंपनीत नोकरी मिळायची. पाय साथ देत तोवर तो मैदानावर, नंतर कचेरीत किंवा यार्डात. युरोपातल्या छोट्या देशांत आजही असंच चालतं. फॅरो बेटांनी 1990 मध्ये ऑस्ट्रियाला 1-0 ने हरवलं तेव्हा त्यांचा गोलरक्षक मासळीच्या कारखान्यात फोर्कलिफ्ट चालवायचा. डोक्यावर लोकरीची गोंड्याची टोपी घालूनच तो खेळला. अशा खेळाडूला अर्धव्यावसायिक म्हणतात. मला हा शब्द कधी पटला नाही. त्यात काहीतरी उणं असल्यासारखं वाटतं. आमच्या भिलाईतही खेळाच्या जोरावर कारखान्यात लागलेली माणसं होती. आमच्या मागच्या गल्लीतले एक काका पहिली पाळी करून दुपारी मैदानावर यायचे. त्यांच्यात अर्धं काही नव्हतं. दोन्ही पूर्ण होतं.

या व्यवस्थेने काय दिलं ते ब्रह्मानंद संखवाळकरांकडे पाहून कळतं. ताळगावचा हा गोलरक्षक कारकिर्दीचा मोठा भाग साळगांवकरकडे खेळला आणि 1983 ते 1986 भारताचा कर्णधार होता. 1983–84 च्या संतोष करंडकात गोव्याने एकही गोल न खाता विजेतेपद मिळवलं, तेव्हा गोलपोस्टमध्ये तेच उभे होते. 1988 आणि 1989 मध्ये साळगांवकरने फेडरेशन चषक लागोपाठ जिंकला. मी टिळक मैदानावर बसलो होतो ते याच दिवसांत, आणि मला त्यातलं काहीही माहीत नव्हतं. भेळ चांगली होती, एवढं आठवतं.

1996 मध्ये राष्ट्रीय लीग सुरू झाली. पहिली जिंकली जेसीटीने, म्हणजे पंजाबातल्या फगवाड्याच्या कापड गिरणीने. दुसरी मोहन बागानने. तिसरी, 1998–99 ची, साळगांवकरने. प्रशिक्षक शब्बीर अली, मैदानात ब्रुनो कुतिन्हो. राष्ट्रीय लीग गोव्यात नेणारा हा पहिला क्लब. मी तेव्हा भिलाईत नोकरीला लागलो होतो. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात चार ओळी आल्या होत्या. त्या कापून मी मामाला पाठवल्या. त्याने उलट टपाली गोव्याच्या पेपरची सबंध पानं पाठवली.

पुढची गोष्ट आकड्यांत सांगतो, कारण विशेषणांत ती खोटी वाटेल. 2007–08 ते 2012–13 अशी ओळीने सहा वर्षं आय-लीग गोव्यातच राहिली. तीन वेळा धेंपो, दोन वेळा चर्चिल ब्रदर्स, आणि 2010–11 मध्ये करीम बेंचरिफांच्या हाताखाली साळगांवकर. 2011 च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या पंधरा लाखही भरत नव्हती. त्या वेळच्या एकट्या दुर्ग जिल्ह्याची तेहेतीस लाखांवर होती.

त्याच 2010–11 मध्ये गोव्यातून सुमारे पाच कोटी टन खनिज बाहेर गेलं. आणि त्याच हंगामात जेसीटी तळाला जाऊन खाली उतरला व गिरणीने संघ बंदच केला. मुंबईचा महिंद्र युनायटेड वर्षभर आधी, 2010 मध्ये, कंपनीने मिटवला होता. हेही एकेकाळचे राष्ट्रीय विजेते. कंपनीचा संघ म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. तो हरून संपत नाही. एका बैठकीत संपतो.

सप्टेंबर 2012 मध्ये गोव्यातलं खाणकाम थांबवलं गेलं, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने त्यावर बंदी घातली. 2014 मध्ये वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून ती बंदी उठवली गेली, 2018 मध्ये 88 खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द झालं. डोंगर पोखरले गेले होते, शेतांत गाळ शिरला होता. त्याबद्दल गोव्यातल्या गावकऱ्यांची तक्रार खोटी नव्हती. आमच्या बाजूला दल्ली-राजहऱ्यात त्याच मातीवर राबणाऱ्यांनी शंकर गुहा नियोगींच्या संघटनेतून स्वतःच्या वर्गणीने 1983 मध्ये शहीद हॉस्पिटल उभं केलं. तिथे मालकाने क्लब दिला, इथे मजुरांनी दवाखाना बांधला. दोन्हीकडे पैसा त्याच तांबड्या दगडाचा, पण क्लबाबद्दल मला वाटणारी माया मी या तुलनेपासून दूर ठेवू शकत नाही.

खाणींमुळेच क्लब मागे हटला, असं मात्र मी म्हणणार नाही. क्लबने दिलेलं कारण वेगळं होतं. 2014 मध्ये इंडियन सुपर लीग आली. एफसी गोवा हा नवा संघ आला, आणि त्याच्या सुरुवातीच्या मालकांत श्रीनिवास धेंपो आणि दत्तराज साळगांवकर हीच दोन आडनावं होती. 2016 मध्ये अखिल भारतीय महासंघाने सुपर लीगला वरचा दर्जा आणि आय-लीगला दुय्यम स्थान देण्याचा आराखडा मांडला. खाली राहिलेल्याला जिंकूनही वर चढता येणार नव्हतं. निषेध म्हणून साळगांवकर, धेंपो आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा हे तिन्ही क्लब आय-लीगमधून बाहेर पडले. माझ्या मते त्यांचं म्हणणं बरोबर होतं. शिडीच काढून घेतल्यावर तळमजल्यावर कुणी कशासाठी धावायचं? पण त्या निर्णयाची किंमत क्लबच्या मालकांपेक्षा अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरांनी मोजली, हेही खरं. त्यांच्या मामाने त्यांना सांगितलं असेल की नीट खेळ, नोकरी मिळेल.

साळगांवकर बंद पडला नाही. तो गोव्याच्या प्रोफेशनल लीगमध्ये राहिला, हिरव्या जर्सीतच.

मागच्या हिवाळ्यात वास्कोला गेलो होतो. मामा आता ऐंशीच्या पुढे आहे, गुडघ्यांमुळे पायऱ्या चढत नाही. तरी मला घेऊन मैदानाच्या फाटकापर्यंत आला. आत पोरं सराव करत होती. मी त्याला सांगितलं की दल्ली-राजहऱ्याचा साठा आटत चालला, भिलाईची सगळी भिस्त आता रावघाटवर आहे.

“तिथे संघ आहे का?” त्याने विचारलं.

मी म्हटलं, आधी खाण तरी नीट सुरू होऊ दे. तो हसला आणि फाटकाच्या गजांतून आत बघत राहिला. डावीकडून आलेला एक क्रॉस गोलकीपरच्या हातून निसटला होता.