बिऱ्हाड ते सदनिका

मुंबईकर मध्यमवर्गाला स्वतःच्या घराची ओढ पूर्वापार आहे, असे आपण सहज गृहीत धरतो. आपले शब्दच त्याविरुद्ध साक्ष देतात. 'घर' असे ते गावी. मुंबईत असे ते 'बिऱ्हाड'. गिरणीतला कोकणी किंवा घाटावरचा कामगार खोलीचे भाडे भरी, उरलेले पैसे मनिऑर्डरने धाडी, आणि शाकारावयाचे घर तिकडचे. 'बटाट्याची चाळ'मधले (१९५८) संसारही भाड्याच्याच खोल्यांत थाटलेले आहेत, आणि भाडेकरू असण्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. गावदेवीत सारस्वत मंडळींनी १९१५ सालीच सहकारी गृहनिर्माण संस्था काढली होती. पण तो अपवाद.

मग हे बिऱ्हाड मोडले कसे? त्याचे उत्तर आम्हांस महत्त्वाकांक्षेपेक्षा कायद्यात अधिक सापडते. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी बव्हंशी १९४० च्या पातळीवर गोठवली. युद्धोत्तर महागाईत आणि फाळणीनंतरच्या लोंढ्यात ते न्याय्यच होते. मात्र महागाई वाढत गेली, भाडे जागच्या जागी राहिले. मालकाने डागडुजी सोडली. भाड्यासाठी नवी इमारत बांधण्यात कुणालाच रस उरला नाही. जुनी खोली हवी तर पागडी मोजा, तीही पावतीविना. (ही पागडी कायदेशीर ठरली ती थेट १९९९ च्या कायद्याने!) ज्याच्याजवळ वडिलोपार्जित खोली नव्हती, अशा नवविवाहित कारकुनाला विकत घेण्यावाचून मार्गच राहिला नाही. १९६० चा सहकारी संस्थांचा आणि १९६३ चा मालकी सदनिकांचा कायदा या नव्या व्यवहाराला चौकट देणारे. 'सदनिका' हा शब्द अजूनही करारनाम्यापुरताच राहिला आहे. बोलताना आपण 'फ्लॅट'च म्हणतो.

पैसा कोठून आणावयाचा, हा प्रश्न उरलाच. भविष्यनिर्वाह निधी हाती येईतो केस पांढरे होत. १९७७ साली हसमुखभाई पारेख यांनी एचडीएफसी स्थापन केली आणि पगाराच्या भरवशावर दीर्घ मुदतीचे कर्ज हळूहळू रुळले. त्याच वर्षीच्या 'घरोंदा' चित्रपटातले नोकरदार जोडपे बिल्डरकडून फसवले जाते, ही गोष्ट त्या काळाविषयी पुष्कळ सांगून जाते. निवृत्तीनंतरचे घर तिशीत आले. त्यासोबत वीस वर्षांचा हप्ता आला, आणि दुसरा पगार ही चैन न राहता गरज झाली. स्त्रीच्या नोकरीला घरातून जो पाठिंबा मिळाला, त्यात या हप्त्याचा वाटा किती, हे आपल्या स्त्रीवादी समीक्षेने अद्याप पुरेसे तपासलेले नाही.

आणि ज्यांच्यापाशी पगाराची चिठ्ठीच उरली नाही त्यांचे काय? १९८२ च्या संपानंतर हजारो कामगारांची नोकरी गेली. पण खोली राहिली, कारण तोच बदनाम भाडेकायदा पाठीशी होता. १९२० च्या दशकात बांधलेल्या बीडीडी चाळींतील १६० चौरस फुटांच्या खोलीत पिढ्या वाढल्या. पुनर्विकासात तिथे ५०० चौरस फुटांची मालकीची सदनिका मिळते. २०२५ साली वरळीत पहिल्या किल्ल्या दिल्या गेल्या. खोलीचे भाडे नाममात्र होते. मनोऱ्यात लिफ्ट आहे, पंप आहे, पहारेकरी आहे, आणि या साऱ्यांच्या देखभालीला खर्च हा येतोच.