दुरून दिलेला हुकूम

यंत्राला दुरून हुकूम देणे माणसाला सव्वाशे वर्षांपूर्वीच जमले. तो हुकूम दर वेळी पाळला जाईल, ही खात्री मिळवायला मात्र पुढचे शतक खर्ची पडले. रिमोटवर चालणारा रणगाडा आपण खेळणे म्हणून बाजूला ठेवतो, पण या खटपटीचा सारा इतिहास त्यात सापडतो.

1898 साली निकोला टेस्लाने न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बिनतारी नियंत्रणावर चालणारी छोटी नाव लोकांना दाखवली. तिच्यातला ग्राहक म्हणजे धातूच्या किसाची एक नळी. लहर आली की कीस एकमेकांना चिकटे आणि वीज वाहू लागे. अडचण पुढेच होती. एकदा चिकटलेला कीस मोकळा झाल्याशिवाय दुसरा हुकूम कळत नसे. म्हणून प्रत्येक हुकमानंतर ती नळी आपोआप उलटी व्हावी, अशी योजना टेस्लाने केली. पहिल्याच प्रयोगात हुकूम ऐकण्याइतकेच पुढच्या हुकमासाठी मोकळे होणेही महत्त्वाचे ठरले, हे ध्यानात घ्यावे.

1939-40 च्या हिवाळ्यात सोव्हिएत सैन्याने फिनलंडविरुद्ध बिनचालकाचे रणगाडे वापरले. मागच्या रणगाड्यातला माणूस रेडिओने पुढचा हाकी. त्याला पुढच्या गाडीसमोरचा खड्डा मात्र नीट दिसत नसे. जर्मनांच्या ‘गोलियथ’ या बुटक्या, स्फोटके वाहणाऱ्या गाडीने रेडिओचा नाद सोडून तार धरली. तीन पदरी तार, दोन पदर वळवण्यासाठी आणि एक स्फोटासाठी. रेडिओतला गोंधळ टळला, पण नवा कच्चा दुवा तयार झाला. 1944 च्या वॉर्सा उठावात पोलिश लढवय्यांनी त्या ताराच तोडल्या. एक दोष काढताना दुसरा शेजारी जन्मतो, तो असा.

शांततेच्या काळात ही विद्या छंदिष्टांच्या हाती आली. सुरुवातीच्या नमुन्यांत रबरबँडच्या पिळावर चालणारी एक युक्ती असे. बटण दाबले की उजवे, सोडले की सरळ, पुन्हा दाबले की डावे. मधला एक इशारा हुकला की चालवणाऱ्याच्या मनातली मोजणी आणि यंत्राची स्थिती यांची फारकत होई. पुढे सर्व्हो आला. आपला दांडा नेमका कोठे आहे हे तो स्वतः मोजतो आणि हुकमाशी ताडून पाहतो. या आतल्या पडताळणीने अंदाजाचे काम संपवले.

1974 साली जपानच्या शिझुओका येथील तामिया कंपनीने 1/16 प्रमाणातला शर्मन रणगाडा आणला. रेडिओवर चालणारे तिचे ते पहिलेच मॉडेल. मोटारीऐवजी रणगाडा चालवू लागल्यावर एक निराळाच पेच समोर येतो. रणगाड्याला वळणारी चाके नसतात. एक पट्टा मंद करायचा आणि दुसरा चालू ठेवायचा, म्हणजे गाडी वळते. वळताना पट्टे जमिनीवर आडवे घासतात, त्यामुळे मोटार सर्वांत जास्त वीज त्याच क्षणी ओढते. बॅटरीचा दाब घसरतो, आणि त्याच बॅटरीवर चालणारा रिसीव्हर उपाशी राहतो. हुकमाची सर्वाधिक गरज असते तेव्हाच तो हरवतो. बिघाड रेडिओचा वाटतो, मूळ मात्र पट्ट्यात असते. रिसीव्हरला वेगळी बॅटरी किंवा दाब स्थिर ठेवणारे सर्किट देणे, हा त्यावरचा खरा उतारा.

मोटारीच्या ब्रशांतून उडणाऱ्या ठिणग्याही रेडिओत गोंधळ माजवतात. मोटारीच्या टोकांवर 0.1 मायक्रोफॅरडचे छोटे कपॅसिटर डाखले की तो बराच शमतो. पैसे खर्चून धातूचे पट्टे बसवणारे अनेक असतात. मग वाढलेल्या वजनाने प्लॅस्टिकच्या गिअरचे दात झडतात. मजबूत भाग बसवला की ताण शेजारच्या भागावर सरकतो, हे गोलियथच्या तारेने आधीच शिकवले होते. म्हणून पट्ट्याचा ताण, गिअर आणि मोटार यांचा विचार एकत्रच करावा लागतो.

जुन्या 27 मेगाहर्ट्झच्या संचात दोघांचे क्रिस्टल एकाच वारंवारतेचे निघाले, तर एकाचा हुकूम दुसऱ्याचा रणगाडा पाळे. या शतकात 2.4 गिगाहर्ट्झचे संच रुळले. त्यांतला रिसीव्हर फक्त आपल्याच ट्रान्समीटरची ओळख मानतो, आणि संपर्क तुटल्यास काय करायचे हेही त्याला आधीच सांगून ठेवता येते. रणगाड्याला सांगायचे असते एकच, ‘थांब’.

ही शिस्त केवळ खेळातली नाही. पुण्याच्या दिघीतील डीआरडीओच्या प्रयोगशाळेने घडवलेले ‘दक्ष’ हे सहा चाकी यंत्र माणसाऐवजी बॉम्बजवळ जाते. तेथे एक हुकूम हुकला तर गाडी नुसती भिंतीवर आदळून भागत नाही. म्हणूनच दुरून चालणाऱ्या यंत्राची परीक्षा हुकूम पोचल्यावर ते काय करते यावर अर्धीच होते. हुकूम पोचलाच नाही तर ते काय करते, यावर उरलेली अर्धी.