टोपलीतली वाट

इतिहास म्हटला की आपण शिलालेख, ताम्रपट शोधतो. आज मी तुम्हाला टोपल्यांचा इतिहास सांगणार आहे.

उत्तर कॅलिफोर्नियातल्या पोमो लोकांची टोपली विलोच्या काड्या आणि लव्हाळ्यासारख्या गवताची मुळं यांची. वीण इतकी घट्ट, की तिच्यात पाणी राहायचं. तापलेले दगड टाकून त्यात ओकच्या फळांची पेज शिजवत. नक्षी मात्र एका जागी मुद्दाम मोडत. त्या जागेला म्हणत ‘दाउ’, म्हणजे आत्म्याच्या येण्याजाण्याची वाट. टोपलीतही जीव आहे, अशी ही समजूत. विणणारी बाई वारली, की तिच्या टोपल्याही तिच्याबरोबर पुरत.

अ‍ॅनी बर्क यांनी मात्र लेकीला बजावलं, की माझ्या टोपल्या पुरू नकोस, लोकांना दाखव, विणकाम शिकव. १९६२ मध्ये त्या गेल्या. लेक एल्सी अ‍ॅलन यांचा जन्म १८९९ चा. लहानपणी त्यांना घरापासून दूर निवासी शाळेत नेलं होतं. आता साठी उलटल्यावर त्या विणायला बसल्या. परक्यांनाही शिकवू लागल्या, तेव्हा घरचेच लोक नाराज झाले. तरी १९७२ मध्ये त्यांचं विणकामावरचं पुस्तक आलं.

पुढे वॉर्म स्प्रिंग्ज धरणात ते गवत बुडणार होतं. ते उपटून दुसरीकडे लावलं गेलं.

अ‍ॅनीबाईंनी रूढी मोडली का? मला वाटतं, त्यांनी रूढीतच एक ‘दाउ’ ठेवला. कला त्याच वाटेने पुढे आली.